मेल्यावर उघडलेली झोळी

नेटहॅकमध्ये खेळाडू मेला की खेळ लगेच आवरत नाही. आधी विचारतो, तुमच्याकडच्या वस्तू नेमक्या काय होत्या ते सांगू का? हो म्हटलं की झोळीतली एकेक चीज खऱ्या नावानिशी पडद्यावर येते. अनोळखी म्हणून कितीतरी मजले नुसती वाहून आणलेली ती गुंडाळी स्थलांतराची निघते. वेळेवर वाचली असती, तर मुंग्यांच्या घोळक्यातून सुटून थेट मजल्याच्या भलत्याच कोपऱ्यात पोचता आलं असतं. ती कधी न वापरलेली कांडी समोरच्याला झोपवणारी असते. तळाशी पडलेल्या बाटलीत जखमा भरून काढणारं औषध असतं. वाचायचे तीन-तीन उपाय जवळ बाळगून माणूस मेलेला असतो, आणि हे त्याला मेल्यावर कळतं.

भुयारात उतरायचं, दर मजल्यावर जास्त भयंकर प्राण्यांना तोंड द्यायचं आणि मेलं की पहिल्यापासून सुरुवात करायची, अशा खेळांत तगायचं कसं यावर चाळीस वर्षांहून अधिक काळ सल्ले दिले जात आहेत. त्यातले बहुतेक बरोबरच आहेत. पण त्यांचा भर चुकीच्या जागी आहे असं माझं मत आहे. कोणती तलवार घ्यावी, कोणतं चिलखत चढवावं, कुणाला कशाने मारावं यावर पानंच्या पानं सापडतात. लढाई सोडावी कधी आणि झोळीत हात घालावा कधी, यावर मात्र चार ओळी. मरण बहुतेकदा येतं ते याच दोन प्रश्नांपाशी.

या घराण्याचा मूळपुरुष ‘रोग’ हा खेळ. मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो 1980च्या सुमारास लिहिला, पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. बर्कलीच्या युनिक्सबरोबर तो विद्यापीठा-विद्यापीठांत पसरला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. तुम्ही म्हणजे ‘अ‍ॅट’चं चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं. खाली जायचं, येंडोरचा तावीज मिळवायचा आणि वर यायचं. त्याचे दोन नियम आजही या खेळांचा कणा आहेत. एक, भुयार दर वेळी नव्याने आखलं जातं. दोन, मेलं की मेलं. जतन केलेला खेळ पुन्हा उघडला की ती फाइल पुसली जाते, त्यामुळे मागे जाऊन चूक दुरुस्त करायची सोय नाही.

या दोन नियमांमुळे इथे सल्ल्याची जातच बदलते. एरवीच्या खेळात ‘डावीकडच्या दारामागे किल्ली आहे’ असं सांगता येतं. इथे दार आज डावीकडे आहे, उद्या नसेलच. पाठांतर उपयोगाचं नाही, सवय उपयोगाची.

पुढची वंशावळ थोडक्यात अशी. जे फेनलसनने शाळेत असतानाच लिहिलेला ‘हॅक’ आणि त्यातून 1987 मध्ये निघालेलं नेटहॅक ही एक शाखा. ओक्लाहोमा विद्यापीठातला ‘मोरिया’, त्यावरून इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात झालेला ‘अँगबँड’ आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन घराघरात पोचलेला ‘डायब्लो’ ही दुसरी. लिनली हेन्झेलचा ‘डंजन क्रॉल’ 1997चा. त्याची ‘स्टोन सूप’ ही आवृत्ती 2006 पासून स्वयंसेवक सांभाळताहेत. अलीकडच्या काळात ‘स्पेलंकी’, ‘डार्केस्ट डंजन’, ‘स्ले द स्पायर’, ‘हेडीस’. 2008 मध्ये बर्लिनला जमलेल्या काही मंडळींनी ‘रोगलाइक’ कशाला म्हणावं याची व्याख्याही ठरवली. तिच्यावरून वाद घालणाऱ्यांनी तेवढा वेळ खेळण्यात घालवला असता तर बरं झालं असतं.

सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न: हे सगळं नशिबावरच नाही का? भुयार फाशांवर ठरतं, तलवार मिळणं फाशांवर, घाव लागणंही फाशांवर. नवख्याला तसंच वाटतं, कारण त्याचं मरण अचानक येतं. पण सार्वजनिक सर्व्हरवर नोंदलेले खेळ पाहिले की हा समज टिकत नाही. नेटहॅक सलग वीसहून अधिक वेळा जिंकलेले खेळाडू आहेत. भुयार दर वेळी वेगळं, फासे दर वेळी वेगळे, आणि तरी एकदाही मरण नाही. फासे वाईट पडतातच. पण एका वाईट फाशाने मरावं अशा जागी हे लोक उभेच राहत नाहीत.

दुसरा मोठा गट ज्ञानवाद्यांचा. ‘आधी माहिती करून घ्या’ हा त्यांचा सल्ला. नेटहॅकचा सगळा कोड उघडा असल्यामुळे प्रत्येक प्राण्याचा वेग, प्रत्येक गुंडाळीची किंमत, सगळं कुणी ना कुणी टिपून ठेवलेलं आहे. ते वाचणं म्हणजे फसवणूक, असं मानणारे कर्मठही आहेत. मला ते पटत नाही. वाचूनही माणूस मरतोच, फक्त जरा वरच्या दर्जाच्या कारणाने मरतो.

पण माहितीतलं काय डोक्यात ठेवायचं? नेटहॅकमधले दोन कुप्रसिद्ध प्राणी घेऊ. पहिला तरंगता डोळा, निळ्या रंगातलं ‘ई’ हे अक्षर. तो स्वतःहून काहीच करत नाही. तुम्ही त्याला जवळून मारलंत आणि त्याची नजर तुमच्यावर पडली, की तुमचे हातपाय लुळे पडतात, ते कधीकधी शंभराहून अधिक चालींपर्यंत. तेवढ्या वेळात एखादं कोल्ह्याचं पिल्लूसुद्धा तुम्हाला सावकाश खाऊन टाकतं. दुसरा कॉकाट्राईस, कोंबड्यासारखा दिसणारा प्राणी. उघड्या हाताने त्याला स्पर्श झाला की माणूस जागच्या जागी दगड होतो. त्याचं प्रेत खाल्लं तरी तेच, आणि डोळे बांधलेले असताना जमिनीवर चाचपडून ते हाताला लागलं तरी तेच. हुशार खेळाडू हातमोजे घालून तेच प्रेत हत्यारासारखं वापरतात आणि समोरच्यांना दगड करत सुटतात. मग एक दिवस ओझं जास्त झालेलं असताना जिना उतरताना पाय घसरतो, प्रेत अंगावर येतं आणि खेळ खलास.

आता वेगाचे आकडे बघा. तुमचा साधा वेग 12. कॉकाट्राईसचा 6. तरंगत्या डोळ्याचा 1. म्हणजे या दोघांपासून नुसतं चालत दूर जाता येतं, पळायचीही गरज नाही. तरीही वर्षानुवर्षं यांच्या हातून माणसं मरत आली आहेत, कारण ती आपल्या पायांनी त्यांच्याकडे जातात. समोर अक्षर दिसलं की त्याच्यावर बाणाची कळ दाबायची, ही बोटांची सवय. तरंगत्या डोळ्याला लांबून सुरे फेकून मारलं आणि त्याचं प्रेत खाल्लं, तर दूरचे प्राणी मनाने ओळखण्याची शक्ती मिळते. म्हणजे घाई न करणाऱ्याला तो चक्क बक्षीस आहे.

सैनिक मुंगीचं गणित याच्या उलट. तिचा वेग 18. तुमच्या दोन चालींत तिच्या तीन, आणि प्रत्येक चालीत ती चावतेही आणि डंखही मारते. ती शेजारी आल्यावर पळण्यात अर्थ नाही, कारण पाठ फिरवली तरी घाव चालूच राहतात. म्हणून मुंगी लांब दिसली तेव्हाच काय करायचं ते ठरवावं लागतं: अरुंद बोळात शिरायचं म्हणजे एका वेळी एकच अंगावर येईल, किंवा जिन्यावर जाऊन उभं राहायचं. जिन्याचा नियम असा की तुम्ही मजला बदललात तर तुमच्या अगदी शेजारच्या घरात असलेले प्राणीच मागे येतात. सहा मुंग्यांचा घोळका असला तरी योग्य क्षणी वर गेलात तर एखाद-दुसरीच सोबत येते. तिचा निकाल लावायचा आणि पुढचीसाठी पुन्हा खाली. प्राण्यांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा आपल्याहून वेगवान कोण एवढं ज्याला ठाऊक आहे, तो जास्त टिकतो.

प्रार्थना हा नेटहॅकचा सगळ्यात उदार नियम. आयुष्याचे गुण एकूण क्षमतेच्या एक सप्तमांशावर आले, किंवा 5 वर वा त्याखाली गेले, की देवाला हाक मारायची. देव प्रसन्न असेल तर तब्येत पूर्ववत. भुकेने अशक्त झालं तरी चालतं. सुरुवातीच्या साधारण 300 चाली जाऊ द्यायच्या आणि एकदा प्रार्थना केली की पुढच्या 1000 चाली पुन्हा नाव काढायचं नाही. नवखे एक तर प्रार्थना विसरतात किंवा एक सप्तमांशाच्या जरा वर असतानाच घाबरून करतात आणि देवाचा कोप ओढवून घेतात. यात आणखी एक गंमत आहे. हा खेळ संगणकाचं घड्याळ बघतो. पौर्णिमेला नशीब एका अंशाने वाढतं, अमावस्येला कॉकाट्राईसचा फुत्कार जास्त घातक होतो आणि महिन्याची तेरा तारीख शुक्रवारी आली तर नशीब उणे होऊन साधी प्रार्थनाही उलटते. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला यातल्या पहिल्या दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

एल्बेरेथची कथा तर या सगळ्या वादाचं सार म्हणावी अशी आहे. टॉल्कीनच्या कथाविश्वातलं हे नाव धुळीत बोटाने लिहून त्यावर उभं राहिलं, की बहुतेक प्राणी जवळ येऊन मारायला धजत नाहीत. माणसं, मिनोटॉर आणि आणखी काही अपवाद. जुन्या आवृत्तीत लोक या अक्षरांवर ठाण मांडून आरामात सुरे फेकत बसायचे. 2015 मध्ये 3.6 ही आवृत्ती आली आणि नियम बदलला. अक्षरांवर उभं राहून तुम्ही हल्ला केलात की ती पुसली जातात. शिवाय एखादा प्राणी त्यांना बिचकला की दर वेळी सातात एक शक्यता असते ती नाहीशी होण्याची. तेव्हा बरीच ओरड झाली. माझ्या मते बदल अगदी योग्य होता. एल्बेरेथ हा मोर्चा नाही, श्वास घ्यायला मिळालेली जागा आहे. तेवढ्या वेळात जखमा बांधा, झोळी उघडा, वाट शोधा.

आता झोळीकडे. तगण्यावरच्या सल्ल्यांत सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. खेळाडू चांगल्या वस्तू ‘पुढे लागतील’ म्हणून ठेवून देतो. ही काटकसर नव्हे, कंजुषी. पण तिच्यामागे एक खरी अडचणही असते: जवळ काय आहे हे त्याला माहीतच नसतं. अनोळखी गुंडाळी संकटात वाचायची म्हणजे जुगार. ती नेमकी आणखी राक्षस बोलावणारी निघायची. म्हणून ओळखीचं काम शांततेत उरकायचं असतं. वेदी सापडली की सगळं सामान तिच्यावर ठेवायचं. काळी चमक दिसली तर वस्तू शापित, पिवळसर दिसली तर पवित्र. वेदी नसेल तर पाळलेलं कुत्रं आहेच, शापित वस्तूवर पाय ठेवायला ते कां-कू करतं. दुकानात गुंडाळीची किंमत विचारायची. मूळ किंमत 20 असलेली गुंडाळी एकच, वस्तू ओळखून देणारी. कांडी मिळाली की तिने जमिनीवर काहीतरी लिहून पाहायचं. आगीची कांडी अक्षरं जाळून उमटवते, खोदणारी कोरते. आणि जमिनीवरचे किडे हलायचे थांबले असा संदेश आला, तर कांडी एक तर झोपेची आहे किंवा मृत्यूची. दोन्हींपैकी कोणतीही असो, पुढच्या मुंग्यांच्या वेळी ती हाताशी हवी.

हे काम कंटाळवाणं आहे, यात शंका नाही. नेटहॅकवरचा जुना आक्षेप हाच की तिथे जगणं म्हणजे हमाली. क्रॉलवाल्यांनी त्यावर वेगळा तोडगा काढला: जे कंटाळवाणं आणि तरी फायद्याचं, ते खेळातूनच काढून टाकायचं. 2021 मध्ये त्यांनी भूकसुद्धा काढली. एक कळ दाबली की पात्र आपोआप मजला धुंडाळतं आणि प्राणी दिसला की थांबतं. पण तिथेही मरणाची तऱ्हा तीच. पहिल्या काही मजल्यांवर सिग्मंड नावाचा एक जादूगार भेटतो, हातात कोयत्यासारखं लांब पात्याचं हत्यार. तो आधी तुम्हाला भ्रमिष्ट करतो आणि मग कापतो. मुरलेले खेळाडू त्याला पाहताच मुकाट जिना गाठतात. नवखा विचार करतो, जखमी झालाय, आणखी एक घाव. शिर सलामत तर पगडी पचास ही म्हण सिग्मंडपुढे जितकी खरी ठरते तितकी क्वचितच कुठे ठरत असेल.

2016 मध्ये व्हँकूवरच्या रेड हुक स्टुडिओने आणलेल्या ‘डार्केस्ट डंजन’ने माघारीलाच खेळाचा विषय केला. इथे चार जणांची टोळी असते आणि शरीराबरोबर मनाचाही हिशेब चालतो. ताण 100 वर गेला की पात्र बहुधा बिथरतं: कुणी स्वार्थी होतो, कुणी सोबत्यांना टाकून बोलतो, त्याने इतरांचाही ताण वाढतो. 200 वर थेट हृदयविकाराचा झटका. मोहीम अर्धवट सोडली तर पात्रांना थोडा ताण सोसावा लागतो, मिळालेला माल मात्र हाती राहतो. म्हणजे खेळ स्वतःच सांगतो आहे की परत फिरा, स्वस्त पडेल. तरीही लोक मशाल विझत आली, दोघं मरणाच्या दारात उभे असले, तरी ‘एकच खोली राहिली’ म्हणून पुढे जातात. मेलेली पात्रं परत येत नाहीत आणि त्यांना तयार करण्यात घातलेली कित्येक तासांची मेहनतही.

सावकाश जा, हा सल्ला मात्र सगळीकडे चालत नाही. डेरेक यूच्या ‘स्पेलंकी’ची 2012 ची आवृत्ती घ्या. चार जीव, चार बॉम्ब, चार दोर घेऊन तुम्ही गुहेत उतरता. एका मजल्यावर अडीच मिनिटांहून जास्त रेंगाळलात की भूत येतं आणि त्याचा स्पर्श म्हणजे मरण. इथे विचार करायला चाली थांबत नाहीत, घड्याळ चालू असतं. तरीही चांगले खेळाडू सैरावैरा धावत नाहीत. भिंतीतला बाणाचा सापळा दिसला की हातातला दगड पुढे टाकून तो रिकामा करतात, उडी मारण्याआधी खाली डोकावतात आणि बॉम्ब शेवटच्या मजल्यासाठी साठवून ठेवत नाहीत. दोर जवळ असताना उंचावरून उडी टाकून मेलेला माणूस आणि गुंडाळी जवळ असताना मुंग्यांनी खाल्लेला माणूस, दोघांची जातकुळी एकच.

यंत्रांनी या प्रश्नावर दिलेली साक्ष फार बोलकी आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच कार्नेगी मेलन विद्यापीठात मायकेल मॉल्डिन आणि सहकाऱ्यांनी ‘रोग-ओ-मॅटिक’ हा ‘रोग’ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्याने तिथल्या मुरलेल्या खेळाडूंपेक्षा चांगले गुण मिळवले होते. नेटहॅक मात्र इतक्या सहज बधलेलं नाही. 2021 मध्ये न्यूरिप्स परिषदेच्या निमित्ताने यंत्रांची नेटहॅक स्पर्धा झाली. एकीकडे लाखो चाली खेळून शिकलेली न्यूरल जाळी, दुसरीकडे माणसांनी हाताने नियम लिहिलेले बॉट. हाताने लिहिलेले बॉट बऱ्याच फरकाने पुढे राहिले, आणि पूर्ण खेळ कुणालाच जिंकता आला नाही. पहिल्या आलेल्या ‘ऑटोअसेंड’चं बळ जुन्या जाणत्यांच्या सवयींत होतं: भूक लागली की खा, जीव कमी झाला की प्रार्थना कर, घोळका आला तर जागा बदल. शिकणाऱ्या यंत्रांपुढची अडचण अशी की इथे चुकीची शिक्षा हजार चालींनंतर होते. आज न ओळखलेली गुंडाळी दहा मजल्यांनंतर जीव घेते, मग चूक नेमकी कोणती हे यंत्राने कसं ठरवायचं? माणसाचीही पंचाईत हीच आहे, फक्त त्याला मेल्यावर यादी बघायला मिळते आणि ती समजून घेण्याची अक्कल असते.

फाइलची चोरून प्रत काढून ठेवायची आणि मेलं की ती उघडायची, या युक्तीबद्दल नैतिक प्रवचनं भरपूर झाली आहेत. माझा आक्षेप साधा आहे: त्याने जिन्याकडे वळायची सवय लागत नाही. सराव करायचा तर नेटहॅकमध्येच शोधकाची रीत आहे. तीत मरण आलं की खरंच मरायचं का असं विचारलं जातं, आणि तो खेळ गुणांच्या यादीत धरला जात नाही. कॉकाट्राईसचं प्रेत हाताळायला तिथे शिकावं. ‘हेडीस’सारख्या नव्या खेळांत तर प्रत्येक मरणातून पुढच्या फेरीसाठी काहीतरी कायमचं बळ मिळतं. खेळ सुरेख आहे, पण तिथे मरणं ही गुंतवणूक असते, त्यामुळे वरचा हिशेब त्याला लागू पडत नाही.

राहिला सुरुवात कोणत्या पात्रापासून करावी हा प्रश्न. सगळे एकमुखाने सांगतात, नेटहॅकमध्ये वाल्किरी आणि क्रॉलमध्ये ट्रॉग देवाला भजणारा मिनोटॉर. दोघेही दणकट आहेत, पहिले काही मजले नुसत्या हाणामारीवर निघतात. पण हाच त्यांचा दोषही. वाल्किरी घेऊन दहाव्या मजल्यापर्यंत पोचलेल्या माणसाने बहुधा एकही गुंडाळी गरज म्हणून वाचलेली नसते. म्हणून तिच्यानंतर लगेच टूरिस्ट घ्यावा. अंगात हवाई शर्ट, खिशात भरपूर पैसे, नकाशा दाखवणाऱ्या काही गुंडाळ्या, फेकायला बाणासारखे डार्ट आणि गळ्यात महागडा कॅमेरा. दुकानदार त्याला गिऱ्हाईक ओळखून सरळ एक तृतीयांश जास्त भाव लावतात, आणि साधा उंदीरही त्याला जड जातो. त्याच्याकडे लढायला काही नाही, म्हणून पहिल्या मजल्यापासून झोळीच वापरावी लागते. मुंगी दिसली की कॅमेऱ्याचा फ्लॅश तिच्या डोळ्यांवर मारायचा, ती आंधळी होऊन चाचपडत असताना जिन्याकडे वळायचं, आणि कुत्रं शेजारी आलंय का ते बघूनच वर जायचं, नाहीतर ते खालीच राहतं.